धप्प्याचा ध

रविवारी दुपारी मेव्हण्याने खोक्यातून कुत्र्याचं पिल्लू काढून सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा चष्मेवाला जावई सोडून घरातल्या सगळ्यांना आनंद झाला. तसं त्याचं कुत्र्यांशी काही वाकडं नव्हतं. त्याच्या चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर भटकी कुत्री खुशाल झोपायची आणि तो त्यांना ओलांडून आत जायचा. पण या पिल्लाला पाहून अण्णा जे पहिलं वाक्य बोलले, ते त्याच्या जिव्हारी लागलं.

"नाव काय ते सावकाश ठरवा," अण्णा म्हणाले, "पण अक्षर स! घरचाच आहे ना तो?"

अण्णा म्हणजे त्याचे सासरे. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांचं स्वतःचं नाव स वरून, सासूबाईंचं योगायोगाने स वरून, आणि पुढे योगायोगाच्या भरवशावर न राहता मुलीचं आणि मुलाचंही त्यांनी स वरूनच ठेवलं. तो स ते काढायचेही मोठा देखणा. घरातल्या चार माणसांच्या चार पत्र्याच्या मगांवर चार रंगांत चार स होते. मुलगी लग्न होऊन गेली तरी तिचा हिरवा स तिची वाट बघत फळीवर उभा असायचा.

चष्मेवाल्याचं नाव मात्र पडलं ध वरून. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण दर रविवारी त्याच्या हातात यायचा तो पांढरा कोरा मग. पाहुण्यांचा. एकदा त्याने आडून आडून विषय काढून पाहिला होता. अण्णा कळवळून म्हणाले, "काय सांगू जावईबापू, ध ची वरची रेघ मधेच तुटते. पाटीवर खपून जातं, पण मगावर डोळ्याला बरं दिसत नाही." चहा झाला की सगळी मंडळी आपापले मग घेऊन स्वयंपाकघरात जायची, आत हसणं-खिदळणं चालायचं, आणि याला हुकूम असायचा, "जावईबापू, तुम्ही बसा!" मग तो बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसायचा आणि कान आत लावायचा. त्याला वाटायचं, त्या दाराच्या आत जे काही चाललंय त्यालाच घर म्हणत असावेत.

आणि आता हे पिल्लू! खोक्यातून बाहेर येऊन धड एकदा भुंकलंसुद्धा नव्हतं, तोवर अण्णा ब्रश आणि लाल रंगाचा डबा घेऊन त्याचं पत्र्याचं ताट रंगवायला बसले. चष्मेवाल्याचा जळफळाट झाला. ज्याच्यावर जळायचं तो शेपूट हलवून आपल्याच बुटाची लेस चावतोय, हे कळत असूनही झाला.

"थांबा अण्णा!" तो ओरडला. ब्रश हवेतच थांबला. "नाव तरी ठरू दे."

"सुलतान," मेव्हणा म्हणाला.

"सुलतान म्हटल्यावर तो कशाला कुणाचं ऐकेल?"

"सोन्या," सासूबाई म्हणाल्या.

"आई, रस्त्यात सोन्या म्हणून हाक मारा, निम्मी गल्ली वळून बघेल."

"साहेब," बायको म्हणाली.

"अगं, तुझ्या ऑफिसात कळलं तर?"

असं करत करत त्याने सरदार, समशेर आणि सवंगडी यांचाही निकाल लावला. शेवटी अण्णांच्या कपाळाला आठी पडली. "मग तुमचं म्हणणं तरी काय आहे?"

चष्मेवाल्याने घसा साफ केला. "माझ्या दुकानात जनावरांचे डॉक्टर येतात. ते सांगत होते, कुत्र्याला स नीट ऐकूच येत नाही. स म्हणजे नुसता वारा. त्याला ठोस अक्षर लागतं." जनावरांचे डॉक्टर दुकानात येत होते हे खरं, पण ते चष्म्याच्या दांड्या कानाला टोचतात यापलीकडे कधी काही बोलले नव्हते.

"परीक्षाच घेऊ की मग," अण्णा म्हणाले. "एकेका अक्षराचं नाव घेऊन हाक मारायची. ज्याला धावेल ते त्याचं."

अक्षरं वाचून घेण्यात तर चष्मेवाल्याचा हातखंडा. त्याने स्वतःच सूत्रं हाती घेतली, सगळ्यांना समोरच्या भिंतीशी उभं केलं आणि आपण टेबलाशी वाकून बसला. टेबलाखाली त्याच्या मुठीत बिस्किट होतं. स च्या हाका चालू होत्या तोवर पिल्लू त्याची बोटं चाटत जागच्या जागी राहिलं. "सुलतान!" ढिम्म. "सोन्या!" ढिम्म. सासूबाई बिचाऱ्या रडवेल्या झाल्या. आता बायको ब वरच्या नावाने हाक मारेल तेव्हा हळूच बिस्किट तिच्या दिशेने भिरकावायचं, कुत्रा ब चा करून टाकायचा, असा त्याचा बेत होता.

पण मेव्हणा कंटाळला होता. भावोजी एवढे वाकून काय बघतायत म्हणून तो मागून आला आणि त्यांच्या पाठीत सणसणीत थाप घालून ओरडला, "धप्पा!"

चष्मेवाला दचकला. बिस्किट हातातून उडून थेट दारापाशी पडलं आणि पिल्लू बाणासारखं त्याच्यामागे सुटलं. टेबलाआडून बिस्किट कुणाला दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की धप्पा म्हणताच इतका वेळ मख्ख बसलेलं पिल्लू जिवाच्या आकांताने धावलं.

"वा!" अण्णा टाळी वाजवून म्हणाले. "जावईबापूंचे डॉक्टर हुशार आहेत. याला ध लागतो. धप्पा! ठरलं!"

चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतल्यावर माणूस ओरडणार तरी कुणाच्या नावाने? आणि अण्णांनी पुढे जे केलं ते तर त्याला बघवेना. त्यांनी जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि ध गिरवायला घेतला. एक पुसट आला, एक बुटका आला. तोंडाचा चंबू करून, मान तिरकी करून त्यांनी अख्खी दुपार ध काढले आणि शेवटी कुत्र्याच्या ताटावर असा टपोरा, डौलदार ध उतरवला की सासूबाईंनी त्याची दृष्ट काढायचीच बाकी ठेवली.

"रेघ तुटते ना त्याची?" चष्मेवाला एकदम म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा फार मोठा निघाला. "डोळ्याला बरं दिसत नाही ना? आठ वर्षं मी कोऱ्या मगातून चहा पितोय, अण्णा! कुत्र्यासाठी बरा जमला तुम्हाला ध!"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. धप्पासुद्धा लेस सोडून वर बघू लागला.

"अहो, एवढं मनात होतं तुमच्या?" बायको हळूच म्हणाली.

अण्णा उठले. त्यांनी फळीवरून पांढरा मग काढला, निळ्या रंगात ब्रश बुडवला आणि एका दमात त्यावर ध काढला. "वाळायला वेळ लागेल," एवढंच म्हणाले. "पुढच्या रविवारी या चहाला."

पुढच्या रविवारी चष्मेवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला. निळ्या ध च्या मगातून चहा पिताना त्याला भरून आलं. चहा नेहमीचाच होता, पण त्याला वाटलं, असा चहा आपण उभ्या जन्मात प्यायलो नाही. चहा संपला, मंडळी उठली. तो सवयीने वर्तमानपत्राकडे वळला, पण आज कुणीच म्हणालं नाही, "जावईबापू, तुम्ही बसा."

"चला की भावोजी," मेव्हणा म्हणाला, "आत."

अखेर तो त्या दाराच्या आत गेला. आत सगळे मोरीच्या नळापाशी ओळीने उभे होते. अण्णा आपला लाल स घासत होते, बायको हिरवा.

"आपल्या घरी ज्याचं अक्षर त्याने घासायचं," सासूबाई त्याच्या हातात काथ्या देत मायेने म्हणाल्या. "नाहीतर अक्षरं घातली कशाला? तुम्ही पडलात जावई, म्हणून आम्हीच हो आजवर..."

"आम्ही कुठलं, मी!" मेव्हणा म्हणाला. "आठ वर्षं पाहुण्यांचा मग मी घासलाय. सुटलो एकदाचा." आणि त्याने खरकटं ताट चष्मेवाल्यासमोर सरकवलं. "हे धप्प्याचं. हाही ध च आहे."

एकेक जण आपला मग फळीवर पालथा घालून बाहेर गेला. बाहेर अण्णा धप्प्याला मांडीवर घेऊन त्याचे कान खाजवत होते, सगळी मंडळी त्याच्याभोवती हसत-खिदळत होती. मोरीशी एकटा चष्मेवाला उरला. त्याने आपला मग घासला, नंतर ताट घेतलं आणि दोन्ही ध उजेडात शेजारी शेजारी धरून धंदेवाईक नजरेने पाहिले. शंकाच नको. धप्प्याचा ध जास्त चांगला आला होता.

त्याने इकडेतिकडे पाहिलं, काथ्याला आणखी थोडी राख लावली आणि ताटाचा नेमका तेवढाच भाग जरा जोर लावून घासायला घेतला.