टाकीवरची हजेरी

कार्यालयाला कुलूप लागले म्हणजे काम संपले, ही समजूत मानवजातीच्या आळशीपणातून जन्मली आहे. सिंदी (रेल्वे) येथील एका कापूस खरेदी संघाने सन २००३ मध्ये ती मोडीत काढली आणि मुख्य लिपिक हरिदास यांना एक मोबाईल सुपूर्द केला. (चार्जर दीड महिन्याने आला. तोवर हरिदास बंद मोबाईल घेऊन हजर राहिले.) सोबत परिपत्रक होते : 'कर्मचारी घरी असला तरी रेंजमध्ये असावा. व्यवस्थापकांचा मिस्ड कॉल येताच एका मिनिटात उलट मिस्ड कॉल देऊन हजेरी लावावी.'

अडचण एवढीच, की बोरगाव मेघेच्या त्यांच्या घरात रेंज नव्हती. देवघरात शून्य, स्वयंपाकघरात शून्य, मोरीच्या दारात अर्धी दांडी. शेवटी ती सापडली गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर, तीही उत्तरेकडे तोंड करून बसले तर. मग काय, हरिदास कामावरून आले की हातपाय धुऊन थेट टाकीवर. चहा दोरीने वर जाई. तीन वर्षांत ४,११२ मिस्ड कॉल आले आणि ४,११२ उत्तरे गेली. एकाही कॉलचे कारण कळले नाही, पण हजेरीला कारण लागत नाही. बायको देवकाबाई नवऱ्याशी मान वर करून बोलायला शिकली. (लग्नानंतर प्रथमच, असे शेजारी म्हणत.)

अशात मुलगी आचल हिचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरले. तिने महिनाभर आधीच सांगून ठेवले, "बाबा, त्या दिवशी तरी खाली बसजा. माह्या बाजूले. दुसरं काई नाई मागत मी."

हरिदासांचे डोळे भरून आले. त्यांनी रीतसर रजेचा अर्ज केला. तो मंजूरही झाला. वर शेरा होता : 'रजा मंजूर. रेंजमध्ये राहावे.'

तेव्हा हरिदास नवा सफारी घालून टाकीवर बसले. खाली अंगणात मांडव, पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे म्हणून खुद्द व्यवस्थापक कृष्णकांतजी, आणि आचलच्या बाजूला एक रिकामी खुर्ची. मुलीच्या वडिलांच्या अक्षता वरून पडल्या. व्याहीभेटीची वेळ झाली तेव्हा व्याही अण्णाजी (वजन ९६ किलो) शिडी चढून वर गेले. गळाभेट अर्धी झाली असेल नसेल, मोबाईल वाजला.

"थांबा जरा व्याहीबुवा, सायबाचा हाये," हरिदास म्हणाले.

अण्णाजींनी खाली पाहिले. "सायेब तं तिथं बुंदी खाऊन राह्यले."

साहेब बुंदी घ्यायला उठले, परत येऊन बसले. मोबाईल वाजला. साहेब पाण्यासाठी उठले, बसले. मोबाईल पुन्हा वाजला. हा प्रकार आचलनेही पाहिला. ती खुर्चीवरून उठून साहेबांकडे गेली.

"साहेब, बाबाले काऊन फोन करून राह्यले तुम्ही?"

साहेबांनी पँटच्या मागच्या खिशातून मोबाईल काढला आणि उलटसुलट करून पाहिला. "मी नाई केला बाई. बसलो की बटन दबते वाटते. मले वाटे, हरिदासजीच आपल्या मनानं हजेरी देते रोज. कामाचा माणूस हाये."

तीन वर्षांची निष्ठावंत सेवा एका खिशाला रुजू झाली होती. आचल शिडीखाली येऊन उभी राहिली.

"बाबा, आता तं या. तुम्हाले कोणी बोलवूनच नाई राह्यलं."

हरिदासांना पोरीची इतकी माया दाटून आली, की त्यांनी एक पाय शिडीवर ठेवला. इकडे साहेबांनी अवघडून मोबाईल खिशात टाकला आणि ते खुर्चीवर बसले.

मोबाईल वाजला.

हरिदासांनी पाय वर घेतला. "एवढा देतो अन् येतो, बेटा."

साक्षगंधाच्या फोटोत ती खुर्ची रिकामीच आहे. आपण हसलात, हसणे योग्यच आहे. आता रेंज देवघरातही येते, ताटाशीही येते, कोणाला टाकीवर चढावे लागत नाही. आपण घरच्यांच्या बाजूच्या खुर्चीवरच बसून असतो. त्यामुळे ती रिकामी आहे, हे फोटोत दिसत नाही.