मावशींचे गुडघे आणि गच्चीवरचं भाषण

कोणताही हक्क मिळण्याआधी त्याच्यावर एक चांगलं भाषण व्हावं लागतं, याबद्दल सुशिक्षित लोकांत दुमत नाही. मावशींना मात्र हे पटत नव्हतं.

"ताई, भाषण राहू द्या. वॉचमनला एवढंच सांगा, हिला लिफ्टने येऊ दे म्हणून. माझे गुडघे काही टाळ्यांवर चालत नाहीत," बाळाचं दुपटं बदलता बदलता त्या म्हणाल्या होत्या. बाळाच्या आईने ते हसण्यावारी नेलं. वाक्य मात्र झकास होतं, म्हणून वहीत उतरवून घेतलं.

इमारतीत घरकामाच्या लोकांना लिफ्ट बंद होती. मावशी आठ महिन्यांच्या बाळाला सांभाळत आणि त्यापायी दिवसातून चारदा सातवा मजला चढत. बाळाची आई पहिल्यापासून काळजीखोर. दुधाचा थेंब तीन वेळा मनगटावर टाकून बघायची, बाळ झोपलं की त्याच्या नाकाखाली बोट धरायची. अशा बाईच्या नजरेतून अन्याय सुटणं शक्यच नव्हतं. तिने समान लिफ्ट हक्क समिती काढली.

समितीच्या बैठका गच्चीवर भरत, कारण तिथे हवा मोकळी असते आणि विचारही मोकळे होतात. घरकामाच्या बायांपैकी एकही कधी वर आली नाही (त्यांच्या अनास्थेबद्दल इतिवृत्तात खेद नोंदवला आहे). ज्यांच्या सहीने नियम लागू झाला ते सोसायटीचे सचिव मात्र दर वेळी पहिल्या रांगेत असत. एका सहीने तो रद्दही झाला असता. पण चळवळ ऐन रंगात आलेली असताना असा आडमुठेपणा करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मग वक्तृत्वाचे सर बोलावले. त्यांनी शिकवलं, की अन्याय एकदा सांगितला तर तक्रार होते, तीनदा सांगितला की चळवळ. प्रश्न असा विचारावा की उत्तर द्यायला कोणी उठणार नाही. शेवटच्या वाक्याआधी थांबावं. पाच सेकंदांत लोक खोकतात, नऊ सेकंदांत रडतात (आकडेवारी सरांची स्वतःची). आणि अगदी शेवटी, पीडित व्यक्ती प्रत्यक्ष समोर आणावी.

"मग त्या दिवसापुरतं मावशींना लिफ्टने आणू या का?" बाळाच्या आईने विचारलं.

"अहो, नियम आपणच मोडला तर भाषण कशावर करणार?" सर म्हणाले.

मुद्दा बिनतोड होता. ठरलं असं, की बाळाच्या रडण्याने विराम बिघडू नये म्हणून मावशी त्याला घेऊन खाली बागेत थांबतील, भाषण सुरू होताच जिना चढू लागतील आणि "त्या पाहा!" म्हटलं की बाळ कडेवर घेऊन गच्चीच्या दारात उभ्या राहतील. पायऱ्या एकशे शहात्तर. (बाळाला लिफ्टची परवानगी आहे, पण त्याचा हात बटणापर्यंत पोहोचत नाही.)

"ताई, सकाळपासून तीनदा चढलेय. छातीत धडधडतंय नुसतं," मावशी म्हणाल्या.

"शेवटचंच हो मावशी! उद्यापासून लिफ्टच लिफ्ट."

भाषण अपूर्व झालं. "आमच्या मावशी चढतात" हे अकरा वेळा आलं. गुडघ्यांच्या वाक्याला टाळ्यांचा कडकडाट झाला. सचिवांनी चष्मा पुसला. मग बाळाची आई थांबली आणि दाराकडे हात करून म्हणाली, "त्या पाहा!"

दारात कोणी नव्हतं.

नऊ सेकंद झाले. वीस झाले. पहिल्या रांगेतून हुंदका आला. इतका लांब विराम सरांनीही कधी ऐकला नव्हता.

तिने माइकमध्येच विचारलं, "मावशी कुठे आहेत?"

लोकांनी माना डोलावल्या.

"माझं बाळ कुठे आहे?"

सचिव उभे राहिले. त्यांच्या मागोमाग सगळी गच्ची उभी राहिली.

"अहो, कोणीतरी जिन्यात जाऊन बघा हो!"

हे तिसऱ्यांदा सांगणं होतं. टाळ्या थांबेचनात. उत्तर द्यायला अर्थातच कोणी पुढे आलं नाही. माइक टाकून ती दाराकडे धावली, पण अभिनंदन करणाऱ्यांनी तिचे दोन्ही हात धरून ठेवले.

शेवटी तिने गर्दीवरून मान उंच करून, जो कोणी ऐकत असेल त्याला हाक मारली. आता ऐकणारे तुम्हीच उरलात. "अहो, तुम्ही! तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. भाषण आवडलं ते नंतर सांगा. चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये त्या टेकतात, तिथे जरा बघून या ना. आणि हो, लिफ्टने जाऊ नका. लिफ्टमधून जिना दिसत नाही."