बाराव्या डब्यातलं रबर

रतिलालने लोखंडी डब्याच्या झाकणाखाली पातळ कागद सरकवून पाहिला, तर तो चक्क आत गेला. त्याला घामच फुटला. शहाद्याजवळच्या त्या कारखान्यात इथेनॉल बनतं, त्याच्या वाफेला एक ठिणगी पुरते. म्हणून तर तिथली विजेची बटणं जाडजूड फ्लेमप्रूफ डब्यांत, सोळा-सोळा बोल्ट आवळून ठेवलेली. आणि त्याच डब्याला फट!

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. ती पार पडली की मॅनेजर हेमकांतसाहेब रतिलालला कायम करायच्या कागदावर सही करणार होते. सहा वर्षं हंगामी इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेला माणूस फट कशी ठेवेल, सांगा? त्याने ट्रॅक्टरची जुनी ट्यूब कापून फट निघालेल्या अकराही डब्यांच्या झाकणांखाली रबर बसवलं आणि घरी जाऊन पोटभर जेवला.

तपासणीला आलेल्या रूपालीमॅडमनी वीज तोडून पहिलं झाकण उघडवलं आणि त्यांचा चेहराच उतरला. आधी त्यांनी कारखाना बंद करवला, माणसं बाहेर काढली, मग बोलल्या. वाफ आत शिरणारच. आत भडका उडाला, तर ज्वाळा त्या केसाएवढ्या फटीतून लोखंडाला घासत, गार होत बाहेर यावी, म्हणून फट मुद्दाम ठेवलेली असते. रबर जळून गेलं की फट रुंदावणार आणि ज्वाळा थेट बाहेर.

"अकरा बॉम्ब बनवलेत तुम्ही," त्या म्हणाल्या.

सकाळीच त्यातल्या एकाला टेकून रतिलालने चहा प्यायला होता.

हेमकांतसाहेबांचा आवाज गेटपर्यंत गेला. त्यांनी रतिलालची अक्कल काढली, त्याच्या शिक्षकांची काढली, आणि शेवटी म्हणाले, "घर जाय आते. परत आठे पाय ठेवू नको."

हे शिकलात कुठे, एवढंच मॅडमनी विचारलं.

"मी नवीन काही करं नही, मॅडम. बारावा डब्बामा पयलेपाईन रबर शे. तेच दखीसन करं."

बारावा डबा टँकर भरायच्या पंपाचा. उघडला, तर आतलं रबर वाळून कडक झालेलं, निदान दहा वर्षांचं. दहा वर्षं, अहो! रोज टँकर त्याच्या शेजारी उभे राहून भरून जात होते. हे कोणी बसवलं, मॅडमनी विचारलं.

"त्या टाईमले मीच इलेक्ट्रिशियन व्हतू," हेमकांतसाहेब जमिनीकडे बघत म्हणाले.

आता दोघांनी मिळून बाराही डबे साफ करायचे, तोवर कारखाना बंद, असा हुकूम झाला. साहेब बाह्या सरसावून पटाशीने रबर खरवडायला बसले.

"धीरे, साहेब. लोखंडले चरा पडी जाई."

साहेबांनी पटाशी खाली ठेवली. बाकीच्या डब्यांकडे एकवार पाहिलं.

"तू कर हाई," ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि ऑफिसकडे वळत म्हणाले. "मी तवलोंग तुन्हा कागदवर सही करीसन येस."