दुसरा साक्षीदार

आमच्या शेजारच्या वझलवार काकांसमोर "आज फार उकडतंय" म्हणायची सोय नाही. लगेच विचारतात, "कालपेक्षा? मोजलं कोणी?"

कारखान्याच्या तपासणी विभागात एकेक सुटा भाग हातात घेऊन "माल पास नाही!" म्हणण्यात त्यांची सगळी नोकरी सरत आली. पुढच्या वर्षी निवृत्त होऊन ते क्वार्टर सोडतील. देवा, तेवढं वर्ष काढायचंय.

माझ्या लेकीला, सईला, आठवीत इतिहासाचा प्रकल्प मिळाला, 'आपल्या वसाहतीचा इतिहास'. बाकीची मुलं इंटरनेटवरून दोन पानं उतरवून मोकळी झाली. सई वही घेऊन काकांकडे गोंद मागायला गेली आणि आमची शांतता संपली.

"हे कुठून आणलंस?"

"नेटवरून."

"नेट तेव्हा इथे राहायला होतं? पाहिलं कोणी? दोन साक्षीदार आण, वेगवेगळे. नाही तर माल पास नाही!"

मग सुरू झाली वणवण. वसाहतीत बाजार आधी झाला की शाळा, एवढं विचारायला पोरगी जवाहर चौकातल्या म्हाताऱ्या टेलरपर्यंत जाऊन आली. आठ दिवसांत तीन पानांच्या अकरा ओळी उरल्या. मी वैतागून म्हटलं, "काका, शाळेची वही आहे, कोर्ट नव्हे!"

"वहिनी, खोटं एकदा वहीत शिरलं की निघत नाही."

शनिवारी चहा पिताना काका सहज बोलून गेले, की काकू मागच्या व्हरांड्यात कामवाल्या बायकांना सही करायला शिकवायच्या. आम्ही बदली होऊन आलो तेव्हा काकू हयात नव्हत्या, त्यामुळे मला हे नवीनच होतं. सईने लगेच लिहून घेतलं. काकांनी वही ओढली, ओळ वाचली आणि लाल पेन्सिलीने खोडली.

"साक्षीदार एकच. तोही घरचा."

"अहो, तुमची बायको होती ती!" मी ओरडलेच.

"म्हणूनच," म्हणाले आणि कप तसाच ठेवून घरी गेले.

सोमवारी वही द्यायची होती. रविवारी सईने मला स्कूटर काढायला लावली आणि आम्ही दोघी अयोध्या नगरला गेलो. आमच्या कामवालीची सासू शकीला आपा तिथे राहते, पूर्वी याच क्वार्टरांत धुणीभांडी करायची. सईने कोणाचंही नाव घेतलं नाही. एवढंच विचारलं, "आपा, वहाँ औरतों को कोई पढ़ाता था क्या?"

"क्यों नहीं! वझलवार मैडम। फर्श पे गीली उँगली से दस्तखत सिखाया हमें। टेढ़ा बने तो हमसे पहले खुद हँस पड़तीं।"

परत आलो ते थेट काकांच्या दारात. सईने आपाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"तू नाव सांगितलं नव्हतंस ना?"

"नाही."

काकांनी वही घेतली आणि खोडलेल्या ओळीखाली स्वतःच्या हाताने तीच ओळ पुन्हा लिहिली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण कसलं काय, उलटतपासणी संपेना.

"ओल्या बोटाने म्हणाली?"

"हो काका."

"आणि हसायची म्हणाली? पुन्हा सांग."

सईने पुन्हा सांगितलं. मग आणखी एकदा. मला वाटलं आता बोलावं, वही अजून नीट उतरवायची आहे, पोरीला झोपायचंय. पण काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. या माणसाशी त्या घरात काकूंबद्दल बोलायला कितीतरी वर्षं कोणी नव्हतं.

ओळ तर केव्हाच पास झाली होती. तरी काकांनी सईला जवळ बसवलं आणि हळूच विचारलं, "हसायची कशी, ते सांगितलं का तिने?"