मारुती लई हालतो

यंदा यात्रेच्या आधी नऊ दिवस सोपान भाऊजींनी मला रोज साडेचारला आमच्या ओट्यापुढं, भर रस्त्यात, तोंडावर टोपलं धरून उभं केलं. सत्तरीची बाई मी. जाणारे-येणारे विचारायचे, म्हातारीला काय झालं? भाऊजी समोर लिंबाखाली उकिडवे बसून म्हणायचे, "वैनी, आता वर करा. हळू. तहान लागलेल्या माणसावानी."

सोपान भाऊजी म्हणजे माझ्या मालकांचे चुलतभाऊ. नेकनूरच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मोबाईल आले आणि तो बसला. आता त्या जागेत मोबाईलचंच दुकान आहे. भाऊजींकडे एक कॅमेरा उरला आणि वर्षाचं एक काम उरलं, यात्रेतल्या सोंगांचे फोटो.

आमची यात्रा पाडव्यानंतर भरते. कारखाने बंद होतात, ऊस तोडायला गेलेल्या टोळ्या घरी येतात, आणि मग लाकडी मुखवटे चढवून सोंगं निघतात. नरसिंह, वाघ, राक्षस आणि सगळ्यात शेवटी मारुती. सोंग नवसाचं असतं. फडात कुणी मरता मरता वाचलं की नवस बोलतात, म्हणून सोंगं बहुतेक तोडणीवाल्यांचीच. गल्ली एवढीशी आणि गर्दी अशी, की पायातून निघालेली चप्पल दुसऱ्या दिवशी सापडते.

या गर्दीत फोटो कधी आणि कुठून काढायचा, याचा विचार भाऊजी संक्रांतीपासून करतात. मिरवणूक दोन पावलं पुढं, एक पाऊल मागं, अशी नाचत जाते. म्हणून तेही हातात घड्याळ घेऊन रिकाम्या गल्लीतून तसेच जातात. एकटे. वाजंत्री नाही, मागं नुसती कुत्री. सरपंचांनी एकदा विचारलं, "कावून नाचताव?"

"नाचत न्हाई, मोजतोय," भाऊजी म्हणाले. मग त्यांनी सरपंचांनाच सुनावलं, की भाषण आटपतं घ्या, चारला नारळ फुटला नाही तर साडेचारचं ऊन चुकतं, पाचला लिंबाची सावली रस्त्यावर येते आणि सगळे काळे दिसतात. सरपंच म्हणाले, तसे आपण काळेच हाव.

बाकीचे लोक मुखवट्यांचे फोटो काढतात. भाऊजींना मुखवटा नको असतो. म्हणून तर ते आमचा ओटा धरतात. आमच्या दाराशी पाण्याचा रांजण आहे. देवळापासून इथवर येईतो लाकडाखाली माणूस शिजतो. सोंग पाण्याला थांबतं, मुखवटा कपाळावर सारतं, आणि घोटभर वेळ आतला माणूस दिसतो. भाऊजी म्हणतात, "सोंग तर दरसाल येतंच, वैनी. आतला येईलच असं न्हाई."

तांब्या माझ्या हातात असतो. भाऊजींनी मला त्यासाठीच ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी ते फोटो छापून आणतात आणि देवळाच्या भिंतीला दोरी बांधून त्यावर लावतात. ज्याचा त्यानं न्यावा. मारुतीचा मात्र कधीच नसतो. विचारलं की ठरलेलं उत्तर, "हालला. मारुती लई हालतो."

कारण मला ठाऊक होतं. त्यांचा धाकटा भाऊ उत्तम सहा वर्षं मारुती व्हायचा. सातव्या साली कर्नाटकात, उसाच्या फडात, त्याला साप चावला. तिकडंच जाळला, इकडं राख आली. दहाव्याला हार घालायला फोटो शोधला तर सहा सापडले. सहाही मुखवट्यातले, शेंदरी, गाल फुगलेले. रीळ गिऱ्हाइकासाठी, घरचा माणूस कधीबी काढता येतो, असं भाऊजींचं तेव्हा चालायचं. त्यांची आई म्हणाली, मला त्याचं तोंड दाखव. फोटोवाल्याच्या घरात ते नव्हतं. त्याच वर्षी म्हातारी गेली. जाईपर्यंत ती सोपान भाऊजींशी बोलली नाही.

यंदा मारुती होता ज्ञानोबा, गयाबाईचा एकुलता. आठ दिवस आधी गयाबाई माझ्याकडं आली. म्हणाली, फोटो मोबाईलमधी लई असतात, पण मोबाईल त्याच्यासंग फडात जातो, मागं मी भिंती बघते. यंदा तेवढा हालू देऊ नका म्हणावं. मी निरोप दिला. भाऊजी म्हणाले, "मारुतीचं काय सांगता येत न्हाई." आणि मला पुन्हा मुखवट्याच्या जागी टोपलं धरायला लावलं.

मिरवणुकीच्या दिवशी चारला नारळ फुटला. सगळं भाऊजींच्या घड्याळाप्रमाणं चाललं. नरसिंह पाणी प्याला, फोटो निघाला. वाघ प्याला, निघाला. राक्षसानं अर्धा तांब्या मिशांवरच सांडला, तोही निघाला. मग मारुती आला. मुखवटा वर व्हायला लागला तसे भाऊजी कॅमेऱ्याला डोळा लावून पुढं झुकले. खालून ज्ञानोबाचं तोंड निघालं. भाऊजींनी कॅमेरा खाली घेतला.

दरसाल असंच होतं. मी रांजणापाशी उभी असते, मला दिसतं. ते वाट बघतात आणि खालून भलताच माणूस निघतो.

ज्ञानोबानं ओंजळ पुढं केली. मी तांब्या मागं घेतला. तो बघतच राहिला. मागची गर्दी रेटायला लागली, म्हातारी चळली म्हणून कुणीतरी बोललं.

"भाऊजी, उत्तम न्हाई त्यो," मी म्हणाले. "गयाबाईचा हाय. तिला त्याचं तोंड पाहिजे."

इतक्या वर्षांत ते नाव मी त्यांच्यासमोर घेतलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. धोतराच्या सोग्यानं कॅमेऱ्याची काच पुसली, गरज नसताना, बराच वेळ. लिंबाची सावली ज्ञानोबाच्या पायाशी आली होती. मग कॅमेरा वर गेला. मी तांब्या तिरका केला.

दुसऱ्या दिवशी दोरीवर मारुतीचा फोटो होता. गयाबाई तो चिमट्यातून काढायला लागली तेव्हा भाऊजी खाली बघत म्हणाले, "जरा हालला, गयाबाई."

"हालू द्या," गयाबाई म्हणाली. "त्योच हाय."

तिनं फोटो पदराखाली धरला आणि गेली. भाऊजी रिकामी दोरी गुंडाळत बसले. मी घरी आले, टोपल्यात भाकरी ठेवायच्या होत्या.