सैतानावरचा आळ

रविवारी सकाळी दहा वाजता, फुलसावंगीजवळच्या तांड्यावर, ख्रिस्ती मंडळीच्या टिनाच्या शेडमध्ये पास्टर उत्तमसिंग माइकपुढे उभे राहिले आणि माइक काही बोलेना. माइकचं काम बघणाऱ्या भारतने वायरी हलवल्या, बटणं दाबली, साउंडबॉक्सच्या पाठीवर दोन थापा मारल्या. बॉक्स ढिम्म. तिसऱ्या थापेला आतून जळक्या प्लास्टिकचा वास तेवढा आला. पहिल्या रांगेत बसलेल्या हिरासिंगाने मान खाली घातली आणि सतरंजीवरची एक मुंगी फार मन लावून पाहायला सुरुवात केली.

बॉक्स कशाने जळला हे भर सभेत फक्त त्यालाच ठाऊक होतं. तो त्यानेच जाळला होता.

हिरासिंग मंडळीचा वडीलधारी. शेडची किल्ली त्याच्या करदोड्याला. देवाच्या कामाशिवाय बॉक्स शेडबाहेर जाणार नाही, हा नियम त्यानेच केला होता. भारतने पुतणीच्या हळदीसाठी बॉक्स मागितला, तेव्हा त्याच नियमावर बोट ठेवून त्याला चारचौघांत वाटेला लावलं होतं. पण यंदा रानडुकरांनी हिरासिंगाच्या तुरीत नुसता धुमाकूळ घातला. महागावच्या बाजारात कोणीतरी सांगितलं, वाघाची डरकाळी मोठ्या आवाजात वाजवा, डुकरं फिरकणार नाहीत. डरकाळी मोबाइलात मिळाली, पण मोबाइलचा आवाज तो केवढा! मग शनिवारी दिवस मावळताना हिरासिंगाने बॉक्स काळ्या पोत्यात घातला, शेतात नेला आणि कुंपणाच्या झटका मशीनच्या बॅटरीला जोडला. वाघ तीनदा असा गरजला, की खुद्द हिरासिंगच बांधावर मटकन बसला. त्या गडबडीत बॅटरीवरचा चिमटा निसटला. अंधुक उजेडात त्याने तो पुन्हा लावला, तो नेमका उलटा. चौथी डरकाळी अर्ध्यातच धूर होऊन गेली. डुकरं त्यानंतर आली आणि निवांत जेवून गेली. हिरासिंगाने बॉक्स गुपचूप जागेवर ठेवला आणि त्यावर क्रोशाचा रुमाल नीट पसरला.

माइकवाचून पास्टरांनी उपदेश सुरू केला. विषय आधीच ठरलेला होता, सैतान.

"सैतान कुठं गेला नाही, भावांनो! शेवटी तो आगीच्या तळ्यात पडनार, ते देवानं पक्कं करून ठेवलं हाय. पन तोवर मोकळा हाय. सिंहावानी डरकाळ्या फोडत हिंडून राह्यला, कोनाले धरू अन् कोनाले खाऊ!"

भारत ताडकन उभा राहिला. "पास्टरजी, काल सांजच्याले म्या डरकाळी आयकली! तीन खेपा!"

"म्याबी आयकली," मागून दोन बाया म्हणाल्या.

"पन वाघ नोता," भारतचा आवाज चढला. "वनरक्षक सकाळीच येऊन गेला. सारं शिवार पायलं. वाघाचं एक पाऊल नाही, निस्ते डुकराचे खूर. अन् बॉक्स जळला म्हना, तं काल दिवसभर लाइन कुठं होती?"

डरकाळी आहे, पण वाघ नाही. बॉक्स जळला, पण वीज नव्हती. चाळीस माणसांनी मनातल्या मनात हिशेब जुळवला आणि चाळीस माना सावकाश बॉक्सकडे वळल्या.

"हिरासिंगभाऊ," पास्टरांनी हळूच विचारलं, "किल्ली तुमच्यापाशी असते. काल काही दिसलं काय तुम्हाले?"

खरं सांगायला म्हणूनच हिरासिंग उठला होता, यात शंका नाही. पण उठल्यावर समोर भारतचा चेहरा दिसला. हळदीची ती गोष्ट आठवली. तोंडातून शब्द निघाले ते असे, "काळं काहीतरी होतं. शेडातून निंगालं अन् शेताकडं गेलं."

पोतं काळंच होतं, एवढंच त्यातलं खरं.

झालं! सभेत एकच हलकल्लोळ उडाला. पास्टरांनी डायरी काढली आणि सैतानाची कामं लिहून घ्यायला सुरुवात केली. भारतच्या विहिरीवरची मोटर जळली होती. ती सैतानाने जाळली. हिरासिंगाची मुलगी अंजू बारावीच्या सराव परीक्षेत इंग्रजीत आपटली होती. तिनेही उभं राहून सैतानाचं नाव सांगितलं. पास्टर स्वतः मागच्या रविवारी तासभर उशिरा आले होते. वाटेत गाडी पंक्चर झाली होती, त्यामागे कोण होतं हे आता त्यांना उमगलं. सोमवारपासून तीन दिवस उपास-प्रार्थना जाहीर झाली, आणि ज्याने सैतान डोळ्यांनी पाहिला त्यानेच ती चालवावी असं एकमताने ठरलं.

सोमवारी हिरासिंगाने शेडच्या चारही कोपऱ्यांना तेल लावलं आणि सैतानाला तांडा सोडून जायची आज्ञा केली. लाजेने त्याचा आवाज कापत होता. लोकांना वाटलं, पवित्र आत्मा आला. तो जितका कापे, तितकं आमेन मोठं होई. "असा कळकळीचा मानूस नाही," असं एक म्हातारा म्हणाला, तेव्हा तर हिरासिंगाला टिनाच्या भिंतीत शिरावंसं वाटलं.

बाकी मंडळीचा उपास सोयीचा होता. चहा चालत होता, आणि चहाबरोबर टोस्ट सैतानाच्या विरोधात जात नाही असं बहुतेकांचं मत पडलं होतं. मंगळवारी दुपारी मात्र हिरासिंगाची बायको जमनाबाई धापा टाकत शेतात आली.

"अंजूचे बाबा, चला लवकर! हंसा याडीले चक्कर आली."

हंसाबाई तांड्यावरची सगळ्यात म्हातारी बाई. लहानथोर सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई.

"काय झालं तिले?" हिरासिंगाने विचारलं.

"दोन दिसापासून पान्याचा घोटबी नाही घेतला तिनं. मागच्या रविवारी बॉक्सच्या आवाजात तिचं गानं कोनाले आयकू नाही आलं, तं रागानं म्हने, जळो हा डबा. आता म्हनते, माह्याच जिभेनं सैतानाले दार उघडून देल्लं. मेली तरी चालन म्हनते, पन मंडळीवरचं हे संकट टळो."

हिरासिंगाने हातातला विळा तिथेच टाकला. डुकरांनी तूर खाल्ली तेव्हा त्याला वाईट वाटलं होतं. बॉक्स जळला तेव्हा भीती वाटली होती. आता जे वाटलं ते निराळंच होतं. ज्या बाईने त्याच्या बारशाला त्याला पाळण्यात घातलं, ती त्याच्या एका थापेपायी मरायला निघाली होती.

शेडमध्ये हंसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ सुकून पांढरे पडले होते. पास्टर पेल्यात पाणी घेऊन विनवण्या करत होते आणि त्या मान हलवत होत्या. सगळी मंडळी भोवती उभी होती.

"पानी पी याडी," हिरासिंग दारातूनच ओरडला. "तुहा काही कसूर नाही. बॉक्स म्या जाळला!"

मग त्याने सगळं सांगून टाकलं. पोतं, डुकरं, वाघ, उलटा चिमटा, वरचा रुमालसुद्धा. सांगताना त्याने एकदाही मान वर केली नाही. शेवटी सवयीने तोंडून गेलं, "सैतानानं माह्या मनात भरवलं..."

"सैतानाले कायले मधात आनता?" जमनाबाई कडाडली. "त्याची शिक्षा ठरून गेली हाय. तुमची मी सांगतो!"

भारत हिरासिंगाकडे बघत होता. आता हळदीचं उट्टं काढणार, असं सगळ्यांना वाटलं. पण भारत पास्टरांकडे वळला. "पास्टरजी, ते मोटरचं खोडून टाका. विहिरीत पानी नोतं. म्या कोरडीच चालू ठेवली होती."

"माहं इंग्रजीबी," अंजू पुटपुटली. "पुस्तकच उघडलं नोतं."

पास्टरांनी एकेक ओळ खोडली. पानावर पंक्चरची ओळ तेवढी राहिली. पेन तिच्यावर बराच वेळ थांबलं. मग त्यांनी तीही खोडली. "झोप लागली होती," ते डायरीतच बघत म्हणाले.

हंसाबाईंनी पेला घेतला, सगळं पाणी संपवलं, आणि हिरासिंगाकडे पाहिलं. "देवाले तीन दिवस कबूल केले होते बेटा. ते कोनालेतरी पुरे करा लागन."

"मी करतो याडी," हिरासिंग म्हणाला. "तिन्ही दिवस. आतापासून."

मग त्याच शेडमध्ये पंगत बसली. घरोघरच्या बायांनी आणलं तेच, ज्वारीच्या भाकरी आणि तुरीच्या हिरव्या दाण्यांची झणझणीत भाजी. हंसाबाईंना पहिलं पान वाढलं. हिरासिंग कोपऱ्यात हात बांधून बसला. भाजीचा वास नाकात शिरत होता आणि भाकरीची टोपली हाताच्या अंतरावर होती. अर्धी पंगत झाली असेल, तेवढ्यात त्याचा उजवा हात टोपलीत गेला.

"आता कोन हाय?" जमनाबाईने तिथूनच विचारलं.

पंगत थांबली. पास्टरांना दया आली. "जाऊ द्या वहिनी, मोह होते मानसाले. तो सैतान असाच..."

"नाही पास्टरजी," हिरासिंग म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते आणि हात अजून टोपलीतच होता. "मीच हावो."

हंसाबाईंनी पानातून मान वर केली.

"वाढ वं जमने त्याले," त्या म्हणाल्या. "देवाले मी समजावतो."

जमनाबाई उठली आणि चतकोर भाकर नवऱ्याच्या हातावर ठेवली. भाजी वाढली नाही.