पास्त्याची तीन पाकिटं

"बुधवारचं जेवण माझ्याकडे!" चारुदत्त सबनीसने सकाळच्या चहालाच जाहीर केलं. "पास्ता आणि बीफ. वीस मिनिटं म्हणतात लोक, मी पंधरात करतो!"

मीनाक्षीने वहीतून डोकं वर काढलं नाही. बुधवारी संध्याकाळी चार ते सहा तिची परीक्षा होती. अमेरिकेतल्या रॅली शहराच्या कम्युनिटी कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकत होती, आणि चौऱ्याऐंशी सालच्या त्या ऑक्टोबरात तिच्या डोळ्यांपुढे झोपेतसुद्धा हिरवी अक्षरं सरकत होती.

"बीफ?" तिने वहीलाच विचारल्यासारखं विचारलं.

"दीपासाठी आणि तिच्या मैत्रिणीसाठी. तुझ्यासाठी मशरूमचं वेगळं."

"माझ्या भांड्यांत नको हं."

"छे! कॅम्पिंगचा तवा काढतो ना गराजमधून."

अकरा वर्षांची दीपा सीरिअल खाता खाता थांबली. "बाबा, आर यू शुअर? बेकीचे डॅड दर बुधवारी कुक करतात. ही इज रिअली गुड."

हे शेवटचं वाक्य चारुदत्तच्या जिव्हारी लागलं. बेकीचे डॅड! तो माणूस टायर विकतो. आणि आपण? औषधांच्या कंपनीत स्टॅटिस्टिशियन. दहा हजार रोग्यांचे आकडे एका टेबलात बसवतो. चार जणांचा पास्ता एका पातेल्यात बसवता येणार नाही?

तुम्हाला म्हणून सांगतो, चारुदत्त हुशार होता, मायाळू होता, पण माणूस जागच्या जागी नाहीसा होतो म्हणजे काय, ते त्याच्याकडे बघून कळायचं. सिग्नलला उभा राहिला की हिरवा होऊन पुन्हा लाल व्हायचा आणि हा ढगांकडे बघत असायचा. ते राहायचे त्या केरी गावातले लोक सभ्य म्हणून हॉर्न वाजवायचे नाहीत. एकदा एका बाईंनी उतरून काच ठोकली होती आणि "आर यू ओके, हनी?" म्हणून विचारलं होतं.

तर बुधवारी साडेचार वाजता हा गृहस्थ ऑफिसातून लवकर येऊन ओट्याशी उभा राहिला. समोर दीपाच्या शाळेतल्या होम इकॉनॉमिक्सच्या बाईंनी दिलेला, जांभळ्या शाईत छापलेला कृतीचा कागद. बाजूला कांदे, टोमॅटोचा सॉस, मशरूम आणि बीफचा खिमा. दीपा आणि बेकी बाहेर पानांच्या ढिगात उड्या मारत होत्या. खिडकीबाहेरच्या पाइन झाडांतून ऊन तिरपं आत आलं होतं आणि ओट्यावर मधासारखं सांडलं होतं.

सुरुवात झकास झाली. खिमा कॅम्पिंगच्या तव्यावर, मशरूम दुसऱ्या पॅनमध्ये. दोन्हींत कांदा, दोन्हींत सॉस, आणि कागदावर नसताना दोन्हींत चमचा चमचा गोडा मसाला! वास असा सुटला की चारुदत्तने स्वतःचीच पाठ थोपटायला हात मागे नेला. मग त्याने सगळ्यात मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं आणि पास्त्याचं पाकीट फोडलं. शंखांच्या आकाराचा पास्ता होता. पाण्यात पडला आणि तळाशी जाऊन एवढासा दिसायला लागला.

"यात काय होतंय? बेकी म्हणेल, इंडियन लोक उपाशी ठेवतात!"

त्याने दुसरं पाकीट ओतलं. मग तिसरंही घरात होतं, ते उरून करायचंय काय?

पाण्याला कढ आला आणि शंख वरखाली व्हायला लागले. वाफ खिडकीच्या काचेवर बसली, बाहेरची झाडं पुसट झाली, आणि चारुदत्त निघाला. ओट्यापासून हलला नाही, पण निघाला. तो पंधरा वर्षांपूर्वीच्या पिस्कॅटवे गावी जाऊन पोचला. जानेवारीतली संध्याकाळ. अमेरिकेत येऊन पाच महिने झालेले, गुडघाभर बर्फ, आणि खोलीत एकटा बसलेला चोवीस वर्षांचा चारुदत्त. खालच्या मजल्यावरच्या इटालियन घरमालकीणबाई वर आल्या, त्याच्या टेबलावर वाफाळती बशी ठेवून गेल्या. त्यात काय होतं ते त्याने विचारलं नव्हतं. खाल्लं होतं, आणि खाता खाता रडला होता. खिडकीच्या काचेवर तेव्हाही अशीच वाफ होती...

फोन वाजला. चारुदत्तने स्वप्नातूनच तो उचलला.

"चारुदत्त, सरला बोलतेय. मीनाक्षी आहे?"

सरला म्हणजे मीनाक्षीची मैत्रीण. गावात सात मराठी घरं होती, आणि सरलाला एक गोष्ट कळली की सातही घरांना कळायची.

"परीक्षेला गेलीय. बरं झालं फोन केलास. तीन पाकिटं पास्त्याला पाणी किती लागतं गं?"

"तीन पाकिटं! कितीजण आहेत जेवायला?"

चारुदत्त काचेवरून ओघळणारा एक थेंब बघत होता. पिस्कॅटवेच्या खिडकीवरून अगदी असाच ओघळायचा.

"आपलीच सगळी," तो म्हणाला.

"आपलीच? अय्या! मीनाक्षीची परीक्षा संपली म्हणून? सरप्राइज?"

"हं."

"आणि तिला माहीत नाही?"

"हं, हं."

"किती गोड आहेस रे! आमच्या मोहनला जन्मात सुचायचं नाही. कितीला यायचं? सहा? मी सगळ्यांना कळवते, तू फक्त पाण्याकडे बघ!"

खट्कन फोन बंद. आपण नक्की कशाला 'हं' म्हणालो ते आठवायचा प्रयत्न चारुदत्तने केला. पण तेवढ्यात पातेल्यातून आवाज आला, आणि त्याने वळून बघितलं.

पास्ता वर आला होता. वर म्हणजे अगदी काठावर! तळाशी एवढासा दिसणारा तो ऐवज फुगून फुगून आता पातेल्यातून बाहेर डोकावत होता, आणि पहिला शंख शेगडीच्या तापल्या कॉइलवर पडून चुर्र करून जळाला. चारुदत्तने धावत प्रेशर कुकर काढला. तो भरला. कढई काढली. ती भरली. पातेलं तरी भरलेलं ते भरलेलंच! मग रोळी, मग पुरणाचं पातेलं. पाऊण तास त्याने ओटा, फरशी आणि स्वतःची पँट पुसण्यात घालवला. तरी मनात खूश होता. चव बघितली तर पास्ता शिजला होता फर्स्ट क्लास.

सहाला पाच मिनिटं कमी असताना दारावरची बेल वाजली.

दारात सरला, तिचा नवरा मोहन, आणि मोहनचे वडील राजारामकाका. काका नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते. निवृत्त हेडमास्तर. अंडं घातलंय म्हणून बिस्किटसुद्धा न खाणारे. त्यांच्यामागे युनिव्हर्सिटीतले विनय आणि शैलेंद्र, जेवण म्हटल्यावर लॅबमधून थेट पळत आलेले. त्यांच्यामागे आणखी दोन गाड्या लागत होत्या आणि कुणीतरी श्रीखंडाचा डबा घेऊन उतरत होतं.

"सरप्राइज!" सरला कुजबुजली. "आली नाही ना अजून?"

तेव्हा कुठे चारुदत्तच्या डोक्यात त्या फोनमधली सगळी वाक्यं एका मागोमाग एक येऊन बसली.

आता काय करणार? दारात चौदा माणसं हसत उभी, त्यांना चुकून बोलावलं म्हणून सांगायचं? "या, या," तो म्हणाला. दीपा पानं झटकत आत आली, तिने सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, व्हॉट डिड यू डू?"

"खुर्च्या आणतो," म्हणून बाबांनी गराजमध्ये पळ काढला.

गराजमध्ये शांतता होती. घडीच्या खुर्च्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि वरच्या छोट्या खिडकीतून सूर्याचा शेवटचा तुकडा त्यांच्यावर पडला होता. धुळीचे कण त्यात हळूहळू तरंगत होते. चारुदत्त त्यांच्याकडे बघत उभा राहिला. जरा वेळच. म्हणजे त्याच्या मते जरा वेळच.

खुर्च्या घेऊन तो परत आला तेव्हा सगळ्यांच्या हातात कागदी बशा होत्या.

"मी वाढायला घेतलं," सरला म्हणाली. "अरे, दोन वेगवेगळ्या भांड्यांत सॉस कशाला ठेवलास? सारखंच तर दिसत होतं. दोन्ही ओतून मोठ्या पातेल्यात कालवून टाकलं. गरम राहील."

चारुदत्तच्या हातातल्या खुर्च्या खाली आल्या. विनय आणि शैलेंद्रची दुसरी बशी चालू होती. आणि कोपऱ्यात, सोफ्याच्या कडेला ताठ बसलेल्या राजारामकाकांनी काटा वर उचलला होता. काट्यावर एक शंख होता.

"वास फार सुरेख येतोय हो," काका म्हणाले.

आता इथे गप्प राहायला किती सोपं होतं! कुणाला कळलं नसतं. काकांनी खाल्लं असतं, तारीफ केली असती, घरी जाऊन शांत झोपले असते. पण हातात घास घेतलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जो विश्वास होता, तो चारुदत्तला स्पष्ट दिसला. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, तो जिथे उभा होता तिथेच पूर्ण हजर होता.

"काका, थांबा!" तो इतक्या जोरात ओरडला की बेकीने बशी टाकली. "खाऊ नका! त्यात बीफ आहे!"

 

मोहनचं तोंड भरलेलं होतं. त्याने चावायचं थांबवलं. आणि सरला मटकन खुर्चीवर बसली.

"मी मीठ बघितलं," ती क्षीण आवाजात म्हणाली. "तीनदा बघितलं. तरीच!"

"तरीच काय?" मोहनने भरल्या तोंडाने विचारलं.

"तरीच इतकं छान लागत होतं रे!"

शैलेंद्रला ठसका लागला. विनय म्हणाला, "यार, मग ते पातेलं आमच्याकडेच सरकव." पण कुणी मोठ्याने हसलं नाही, कारण सगळे राजारामकाकांकडे बघत होते.

काकांनी काटा बशीत ठेवला. बशी टीव्हीवर ठेवली. खिशातून रुमाल काढून बोटं पुसली, एकेक.

"माफ करा, काका," चारुदत्त म्हणाला. "माझी चूक आहे. सगळीच."

"वेळेवर सांगितलंत," काका म्हणाले. "तेवढं पुरे आहे." मग हेडमास्तरकीला न शोभणाऱ्या बारीक आवाजात म्हणाले, "भूक मात्र लागलीय हो."

आणि त्याच क्षणी दार उघडून मीनाक्षी आत आली.

"काँग्रॅच्युलेशन्स!" सवयीने कुणीतरी ओरडलं. बाकीच्यांनी अर्धवट टाळ्या वाजवल्या.

मीनाक्षी दारात उभी राहिली. खांद्यावर पिशवी, केस विस्कटलेले. तिने चौदा माणसं बघितली, चेहरा पडलेली सरला बघितली, टीव्हीवरची बशी बघितली.

"अहो," ती म्हणाली, "जरा आत या."

स्वयंपाकघरात चारुदत्तने फोनपासून सगळं सांगितलं, एका दमात. मीनाक्षीने कुकरचं झाकण उघडलं. आत पास्ता. कढईत पास्ता. रोळीत, पुरणाच्या पातेल्यात पास्ता.

"यात काही घातलंय?"

"काही नाही. नुसता उकडलेला."

तिने पदर खोचावा तशी स्वेटरची बाही वर सारली, कांदे चिरले, कढई रिकामी करून तापत ठेवली. मोहरी, हिंग, हळद, हिरव्या मिरच्या, मूठभर शेंगदाणे. फोडणी तडतडली तसा तिचा चेहराही जरा सैल झाला.

"पेपर कसा गेला?" चारुदत्तने हळूच विचारलं.

"शेवटचा प्रोग्रॅम चुकला." ती कढईकडे बघतच बोलत होती. "एकदा सुरू झाला तो थांबेचना. सर आले, तरी थांबेना. शेवटी मशीनच बंद करावं लागलं. सगळा वर्ग बघत होता माझ्याकडे."

चारुदत्तने ओट्यावरच्या पाच भांड्यांकडे पाहिलं.

"माझंही अगदी तसंच झालं गं," तो म्हणाला.

मीनाक्षीने त्याच्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटले, सुटले, आणि मग ती हसायला लागली. उलथनं हातात धरून, ओट्याला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्या पाण्यात परीक्षेचं किती आणि कांद्याचं किती, ते चारुदत्तने विचारलं नाही. त्याने फक्त तिच्या हातातलं उलथनं घेतलं आणि ती सांगेल तसं हलवत राहिला. खिडकीवर पुन्हा वाफ धरली होती. बाहेर झाडं निळी होत चालली होती. हे दोघं त्या पिवळ्या वाफेत उभे होते, आणि दिवाणखान्यातला गलका कुठूनतरी लांबून, पाण्याखालून यावा तसा येत होता.

राजारामकाकांनी तीन बशा खाल्ल्या. "उपमा आहे की," म्हणाले, "पण आकार मजेशीर." सरलाने लिंबू मागून घेतलं. बेकी तर कढईपाशीच जाऊन बसली. आणि विनय-शैलेंद्रने मोठं पातेलं असं चाटून पुसून ठेवलं की ते घासायचीही गरज नव्हती. मीनाक्षीने तरी ते दोनदा घासलं.

शनिवारी सकाळी फोन आला. बेकीची आई होती. बेकीने घरी बुधवारच्या जेवणाशिवाय दुसरा विषय काढला नव्हता, तर कृती मिळेल का?

चारुदत्तची छाती दोन इंच वाढली. त्याने फ्रिजवरचा जांभळा कागद ओढून घेतला, घसा साफ केला. "शुअर! फर्स्ट, यू टेक वन पाउंड ऑफ बीफ..."

"नो, नो," बाई म्हणाल्या. "द यलो वन. विथ द लिटल ब्लॅक थिंग्ज दॅट पॉप."

चारुदत्तने कागद खाली ठेवला.

"मीनाक्षी," तो म्हणाला, "तुझा फोन."

मीनाक्षीने हात पुसून रिसीव्हर घेतला, मोहरी किती, हिंग कुठे मिळतो, सगळं नीट समजावलं. "इट्स व्हेरी ईझी," शेवटी ती म्हणाली. "ओन्ली, डोंट लेट युअर हजबंड हेल्प."

चारुदत्त दोन हातांच्या अंतरावर उभा होता. पण त्याला ते ऐकू गेलं नाही. खिडकीबाहेर पाइनच्या सुया एकेक करून खाली येत होत्या, आणि तो त्या बघत होता.